एका अंकाची चूक

स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहावे, असा आग्रह झाला तेव्हा गौरवपर लिहिणारे पुष्कळ असतील, असा विचार आमच्या मनात आला. म्हणून आम्ही आमच्या एका चुकीविषयी लिहीत आहोत.

आम्ही पेशाने इतिहासाचे शिक्षक. तरीही संगणक कक्षातील सर्व्हरची जबाबदारी आमच्याकडे आली, कारण तो बसवून देणारा गृहस्थ एकदा गेला तो पुन्हा फिरकला नाही. त्या यंत्रावर माऊसने टिचकी मारण्याची सोय नव्हती. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकित करायची, एंटर दाबायचे आणि उत्तर वाचायचे. जुने कागद वाचणाऱ्यास ही पद्धत फारशी परकी वाटत नाही. विचारले तेवढेच ती सांगते आणि चुकीचे विचारले तरी हसत नाही.

सर्व्हरला नेटवर्कची दोन तोंडे होती. एक बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारे, दुसरे मुलांच्या संगणकांकडे. लिनक्समध्ये पूर्वी अशा तोंडांना ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी सापडतील त्या क्रमाने नावे मिळत आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर क्वचित ती अदलाबदलही होत. पुढे कार्ड यंत्रात कोठे बसले आहे त्यावरून नाव देण्याची रीत आली. आमच्याकडची नावे होती ‘ईएनपी२एस०’ आणि ‘ईएनपी३एस०’. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, पुढचा आकडा पीसीआय मार्गिकेचा, शेवटचा खाचेचा. पत्ता चोख, परंतु दोन नावांत फरक केवळ एका अंकाचा.

एका शनिवारी रात्री, चाळीस किलोमीटर अंतरावरील आमच्या घरून, आम्ही एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरलो. मुलांचे संगणक फार संथ चालतात अशी तक्रार होती. ‘एथटूल’ ही आज्ञा दिली. आतल्या तोंडाचा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसला. तोंड एकदा बंद करून पुन्हा उघडावे, म्हणजे वेग नव्याने ठरेल, असे वाटले. ‘आयपी लिंक सेट’ लिहिले, नाव लिहिले, ‘डाउन’ लिहिले. तीनच्या जागी दोन लिहिला होता. पडदा जागच्या जागी थिजला. ज्या फांदीवर बसलो होतो तीच आम्ही तोडली होती.

दुसऱ्या दिवशी अकरा विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची अखेरची मुदत होती. शेवटची बस निघून गेलेली. आम्ही अधीक्षिका बाईंना फोन केला. त्यांनी नववीतील एका मुलीला कक्षात नेले आणि फोन तिच्या हाती दिला. पासवर्ड फोनवरून सांगावा लागला, हे नियमात बसणारे नव्हते. (तो आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलला.) मग एकेक अक्षर सांगू लागलो. ती मध्येच थांबली.

“सर, शेवटी शून्य की ओ?”

“शून्य, बाळा. आणि एंटर दाबण्याआधी पूर्ण ओळ मला वाचून दाखव.”

ही दक्षता आम्ही स्वतः घेतली असती तर! तोंड उघडले, परंतु इंटरनेट येईना. तोंड बंद होताच बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग यंत्राच्या तक्त्यातून पुसला गेला होता आणि नुसते उघडल्याने तो परत येत नव्हता. ‘आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया’ आणि पुढे राऊटरचा पत्ता, अशी आणखी एक ओळ तिने लिहिली. “सर, पिंगचं उत्तर येतंय,” असे ती म्हणाली तेव्हा साडेदहा वाजले होते.

नंतर पुस्तिका वाचताना कळले की ‘आयपी’ने केलेले बदल केवळ चालू स्मृतीत राहतात. सर्व्हर नुसता बंद करून सुरू केला असता तरी सारे पूर्ववत झाले असते. आणि आम्ही तर त्या मुलीला दोनदा बजावले होते, काहीही कर पण वीजेच्या बटणाला हात लावू नकोस! दूरवरून काम करणारे जाणकार आधी ‘पाच मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ अशी आज्ञा देऊन ठेवतात आणि सारे सुरळीत झाले की ती रद्द करतात, हेही तेव्हाच वाचले. आता आम्ही त्याविना कशालाही हात लावत नाही.

सोमवारी त्याच मुलीला बोलावले. ‘एथटूल’ला ‘पी’ हे अक्षर जोडले की त्या तोंडाजवळचा दिवा लुकलुकू लागतो. आम्ही आज्ञा दिली, ती सर्व्हरमागे वाकून ओरडली, “सर, डावीकडचं!” तिने कागदाच्या पट्ट्यांवर ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहून चिकटवले. मग आतल्या केबलचे टोक तपासले. तपकिरी जोडीतील एक तार क्लिपमध्ये नीट बसलेली नव्हती. शंभरच्या वेगाला नारिंगी व हिरवी या दोनच जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. म्हणजे शनिवारी आमचा अंक बरोबर पडला असता तरी वेग वाढला नसता. टोक कापून नवी क्लिप दाबली, आणि पडद्यावर १००० उमटले.

अकराही अर्ज रविवारी दुपारीच गेले होते. तो सर्व्हर आता बदलला आहे. ‘आत’ लिहिलेली ती पट्टी आम्ही काढून आमच्या टाचणवहीत ठेवली आहे.