टोकियोत बाहेर जेवायला

परदेशी राहणाऱ्या लेकीला माहेरचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय जेवलात?" आणि ती जपानात असली की पाठोपाठ दुसरा, "तिथे तुझ्या पोटात काही जातं तरी का गं?" आम्ही दोघे टोकियोला आलो त्याला आता सहा वर्षे झाली, पण हा प्रश्न काही बदललेला नाही.

खरे सांगायचे तर घरातल्या जेवणाची इथे मुळीच आबाळ नाही. आम्ही राहतो तो भाग एदोगावा वॉर्डातला, निशिकासाई. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतातून माणसे येऊ लागली, त्यातली बरीच इथे रुजली. कारण अगदी व्यवहारी आहे. तोझाई लाइनची गाडी इथून थेट निहोनबाशी-ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते, आणि जवळच सार्वजनिक गृहयोजनेच्या मोठ्या इमारती आहेत. टोकियोत भाड्याने घर घ्यायचे तर पुष्कळदा घरमालकाला ‘रेइकिन’ म्हणून पैसे द्यावे लागतात, ते परत मिळत नाहीत. शिवाय जामीन राहणारा कुणी हवा. परक्या देशात जामीन कुठून आणायचा? ह्या इमारतींत दोन्ही लागत नाही. त्यामुळे तूरडाळ, पोहे, हिंग विकणारी दुकाने पायी अंतरावर आहेत. २०१९ साली ह्याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तेव्हा माझ्या वडिलांनी ती बातमी आळीभर सांगितली होती.

स्वयंपाकघर म्हणजे ओट्याची एक पट्टी आणि दोन बर्नरची शेगडी. इथल्या शेगडीच्या पोटात एक खण असतो, मासे भाजायचा. घर पाहायला गेलो तेव्हा तो खण पाहून आमच्या ह्यांचे डोळे असे काही चमकले! हे मालवणचे. आणि माझे माहेर माळकरी, बारामतीकडचे. माझ्या आईच्या गळ्यात अजून तुळशीची माळ आहे. घरात मासे शिजायचे नाहीत, ही लग्नाच्या वेळचीच बोली. तेव्हा त्या खणात पहिल्यांदा गेले ते भरताचे वांगे. सुरेख भाजते हो!

म्हणजे ह्यांचा मासा बाहेरच, आणि माझी पंचाईतही बाहेरच.

सुरुवातीला बाहेर जेवायला जाणे ही माझ्यासाठी निव्वळ चैन नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे वेगळी परवानगी काढल्याशिवाय नोकरी करता येत नाही, आणि ती काढली तरी आठवड्याला अठ्ठावीस तासच. ती हातात पडेपर्यंत दिवसभरात माझ्याशी बोलणारे माणूस म्हणजे भाजीच्या दुकानातली गल्ल्यावरची बाई. तीही फक्त आकडा सांगणार आणि वाकून आभार मानणार. शनिवारी संध्याकाळी हॉटेलात शिरताच आतल्या सगळ्यांनी एका सुरात "इराश्शाइमासे!" म्हणून ओरडावे, ह्याचे मला केवढे अप्रूप वाटायचे! कुणीतरी मला ‘या’ म्हणत होते.

आणि इथल्या हॉटेलांतली व्यवस्था बघण्यासारखीच. बसताच हात पुसायला ओला पंचा येतो, उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. न मागता पाणी येते, त्याचे पैसे नाहीत. टिप ठेवायची पद्धत नाही. ठेवलीत तर विसरून गेलात असे समजून मागे धावत येतील. मात्र संध्याकाळी पेयांबरोबर चटकमटक देणाऱ्या ‘इझाकाया’त न मागवलेली एक छोटी वाटी पुढ्यात येते आणि तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. ती बसण्याची पट्टी समजायची, वाद घालायचा नाही.

काचेआड मांडलेले पदार्थ तर पाहत राहावे असे. भजी, भाताचा डोंगर, हवेतच थांबलेला शेवयांचा घास, आणि सगळे खोटे! पूर्वी मेणाचे करीत, आता प्लॅस्टिकचे असतात. इवासाकी ताकिझो ह्या गृहस्थाने १९३२ साली ओसाकात हा धंदा सुरू केला. उएनो आणि आसाकुसाच्या मधल्या काप्पाबाशी रस्त्यावर ते विकतही मिळतात, पण किमती अशा की खरे जेवण स्वस्त पडावे. भाषा न येणाऱ्याला ह्या काचेचा मोठा आधार. बोट दाखवले की झाले. काही ठिकाणी दारातच यंत्र असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, चिठ्ठी घेऊन बसायचे. लाजाळू माणसाची सोय झाली खरी, पण ‘ह्यात काय घातलंय हो?’ हे यंत्राला विचारता येत नाही.

आणि मला तर तेच विचारायचे असते!

ह्याचे कारण ‘दाशी’. आपल्याकडे फोडणी, तशी त्यांच्याकडे दाशी. कुप्याच्या जातीचा एक मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईतो वाळवतात आणि रंधा मारल्यासारखे त्याचे पातळ काप काढतात. ते काप उकळत्या पाण्यात घालून गाळले की झाली दाशी. पालक घ्या, वांगे घ्या, भोपळा घ्या, सोयाबीनचे तोफू घ्या, बहुधा तिच्यातच शिजलेले असते. ताटात मासा कुठेही दिसत नाही आणि असतो मात्र वाटीवाटीत. ‘मी मांस खात नाही’ म्हटले की वाढणारी मुलगी आनंदाने मान डोलावून हे सगळे पुढ्यात आणून ठेवते. तिचे काही चुकत नाही. ह्या देशात ६७५ साली तेम्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती, आणि पुढे कित्येक शतके चार पायांचे जनावर खाणे बहुतेकांना वर्ज्यच होते. मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले ते १८७२ साली. पण ह्या सगळ्या काळात माशाला कुणी अडवले नाही. तेव्हा मांस म्हटल्यावर मासा त्यांच्या मनातच येत नसावा, असे मला वाटते.

मी ठरवले, प्रत्येक ठिकाणी विचारायचे. एक वाक्य घोकून पाठ केले, "निकु मो साकाना मो ताबेमासेन." मांस नाही, मासाही नाही. त्यापुढे दाशीचे. आणि इथेच आमच्या दोघांचे बिनसू लागले.

जपानी माणसाला ‘मेइवाकु’ची फार भीती. मेइवाकु म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. ह्यांचे सगळे सहकारी जपानी, त्यामुळे ती ह्यांच्याही अंगात भिनली होती. मी वाक्य म्हणायला लागले की हे हॉटेलच्या छताकडे बघत. बाहेर पडल्यावर म्हणत, "एका वाटीसाठी त्यांचं अख्खं स्वयंपाकघर कशाला हलवायचं? तू नुसता भात आणि काकडी घे ना." मी म्हणायची, "मी विचारलंच नाही, तर त्यांना कळणार तरी कसं?" दोघांचेही खरे. पण खरे असून चालत नाही, जेवायला बसायचे असते एकाच टेबलाशी. मग हळूहळू हेही माझ्याबरोबर भात-काकडी घेऊ लागले. समोरच्या टेबलावर भाजलेला बांगडा गेला की नुसते बघायचे. मला ते मुळीच आवडले नाही. एका शनिवारी सरळ सांगितले, "तुम्ही समोर बसून मासा खाल्लात तर माझं सोवळं मोडत नाही. माझ्या ताटात येऊ नये, एवढंच. उपाशी राहून माझ्यावर उपकार करू नका." ह्यांनी त्या रात्री दोन बांगडे खाल्ले!

विचारण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो सुटला आमच्या गल्लीच्या टोकाला, सोबाच्या दुकानात. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. उत्तरेकडे उपासाला खातात तोच हा कुट्टू, पण इथे पुष्कळदा त्यात थोडे गव्हाचे पीठ मिसळतात. दुकान एवढेसे, आठ माणसांचे. आत म्हातारे नवरा-बायको. मी वाक्य म्हटले. आजींनी दातांतून श्वास आत ओढला, मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "चोत्तो…" म्हणजे ‘जरासं…’ पुढे काही नाही. नवीन आलेल्यांनी लक्षात ठेवावे, ह्या ‘जरासं’चा अर्थ ‘नाही’ असा असतो. हे उठायला लागले. पण मला त्या आजींचा चेहरा आवडला होता. मी नुसत्या उकडलेल्या शेवया मागितल्या आणि सोया सॉस, पातीचा कांदा घालून खाल्ल्या. सुर्र आवाज करून, कारण शेवया खाताना आवाज झाला तर इथे कुणी नाक मुरडत नाही. शेवटी आजींनी शेवया शिजवलेले गरम पाणी आणून दिले. आपण भाताची पेज पितो ना, तसेच ते पितात. पोटाला फार बरे वाटते.

मग दर शनिवारी तिथेच. ह्यांची भज्यांतली कोळंबी, माझ्या कोरड्या शेवया. आजी मला बोलायला शिकवायच्या, चुकले की हसायच्या. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात, हे त्यांनीच सांगितले. काडीकडून काडीकडे घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा उचलतात. मी त्यांना आपल्या पिंडाचे आणि कावळ्याचे सांगितले, जेवढे सांगता आले तेवढे!

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आजींनी माझ्यापुढे एक पांढरी वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "कोम्बु दाके." नुसता कोम्बु. म्हणजे समुद्रातली वाळवलेली वनस्पती, मासा नाही. माझ्यासाठी वेगळे पातेले चढवले होते. हे चटकन उभे राहिले आणि त्रास दिल्याबद्दल वाकून माफी मागू लागले. आजी हात हलवून "इइए, इइए" म्हणाल्या आणि आत जाऊन ओरडल्या तशाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला, "इराश्शाइमासे!" घरी येताना हे काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर जेवायला जायचे होते, तेव्हा त्या हॉटेलला फोन करून दाशीचे विचारले ते ह्यांनीच.

कोम्बुची दाशी घरी करायला सोपी, म्हणून देते. एक लिटर पाण्यात साधारण दहा ग्रॅम कोम्बु अर्धा तास भिजत घालावा. धुऊ नये, ओलसर फडक्याने नुसता पुसावा. वरची पांढरी भुकटी म्हणजेच चव. मंद आचेवर ठेवून पाणी उकळायच्या बेतात आले की कोम्बु काढून घ्यावा, नाहीतर बुळबुळीतपणा येतो. ह्याच कोम्बुतून इकेदा किकुनाए ह्या शास्त्रज्ञाने १९०८ साली चवीचे द्रव्य वेगळे काढले, ते म्हणजे आपल्याकडच्या चायनीज गाड्यांवरचे आजिनोमोतो! वाळवलेल्या शिताके अळिंबी भिजवलेले पाणी त्यात मिसळले तर चव आणखी खुलते. मी तर हे पाणी मुगाच्या कढणातही घालते.

मागच्या नोव्हेंबरात आई आली. तिला बाहेर न्यायचे कुठे? शिंजुकूला नाकामुराया आहे. क्रांतिकारक राशबिहारी बोस १९१५ साली जपानात आले तेव्हा ह्याच घराने त्यांना लपवले, पुढे मुलगी दिली, आणि १९२७ साली तिथे हिंदुस्थानी पद्धतीची करी सुरू झाली. इतिहास मोठा, पण ती करी कोंबडीची. शेवटी ताकाओच्या डोंगरावर याकुओइन देवळात ‘शोजिन’ जेवण आधी सांगून ठेवले. शोजिन म्हणजे बौद्ध भिक्षूंचे जेवण. मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. आईने बसताबसताच विचारले, "कांदा-लसूण?" मी सांगितले, "आपल्या चातुर्मासासारखंच आहे." मग तिने पदर खोचला आणि काड्या बाजूला ठेवून हातानेच जेवली. वाढणाऱ्या बाईंनी बघून न बघितल्यासारखे केले.

तिला सगळ्यात आवडले ते तिळाचे तोफू. नाव तोफू असले तरी त्यात सोयाबीन नसते. तीळ बारीक वाटून, कुझु नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व घालून, शिजवून थापतात. "अगं, ही तर तवकिराची वडी!" आई म्हणाली. परतताना गाडीत तिने पिशवीतून वही काढली. तीळ किती, सत्त्व किती, पाणी किती? कुझुऐवजी तवकीर चालेल का? मला तरी कुठे ठाऊक! ह्यांनी सांगून टाकले, "शनिवारी सोबावाल्या आजींना विचारू. मी विचारतो."