हत्तीवरून उतरताना

कर्जत स्थानकात पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिने जोडतात. बोरघाट चढवून झाला की ती सुटतात आणि निमूटपणे खाली परततात. रेल्वेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बँकेत आयुष्य काढलेल्या मला या नावाची गंमत वाटे. त्यातला बोध मात्र निवृत्तीनंतर उमगला.

निमित्त झाले नातवाने दाखविलेल्या एका लघुमाहितीपटाचे. विषय होता सर्कशीतील शक्तिवीर कोडी राममूर्ती नायडू. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिल्या भारतीय सर्कशीचा खेळ केला. पुढे आंध्रातील या मल्लानेही स्वतःची सर्कस काढली. राममूर्ती श्वास कोंडून छातीभोवतीचे साखळदंड तोडीत, मोटारी रोखून धरीत, छातीवर हत्ती पेलीत. आहार मात्र शाकाहारी! उत्तरायुष्यात त्यांचा एक पाय कापावा लागला. १९४२ साली ते निवर्तले. हत्ती पेलणाऱ्या देहालाही अखेर आधार लागला.

तो हत्ती पाहून मला दुसरा हत्ती आठवला. बाहुबलींनी भरतावर उगारलेली मूठ आवरली आणि त्याच मुठीने केशलोच केला. वर्षभर ते कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या. तरी केवलज्ञान होईना. आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, हा अभिमान आड येत होता. ब्राह्मी आणि सुंदरी या साध्वी भगिनींनी येऊन सांगितले, ‘बंधो, हत्तीवरून खाली उतर.’ वंदनासाठी त्यांनी पाऊल उचलले मात्र, आणि केवलज्ञान प्रकटले.

खोपोलीत माझ्या मुलाचे दुकान आहे. निवृत्तीनंतर मी रोज तेथे जाऊन बसे, वह्या तपाशी, उधारीवरून त्याला गिऱ्हाइकांसमोर बोले. आपण मदत करतो आहोत, अशी माझी समजूत होती. एके दिवशी त्याने गल्ल्याची किल्ली मुकाट्याने माझ्यापुढे ठेवली आणि तो मागच्या गोदामात निघून गेला. मी ती खिशात घातली. माहितीपट पाहिला त्या रात्री ती किल्ली छातीवरच्या हत्तीसारखी जड झाली.

दरवर्षी संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर मुलगा मला खमावीत असे. यंदा मी आधी हात जोडले, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले आणि किल्ली त्याच्या हाती दिली. तो काही बोलला नाही. वाकून माझे पाय धरून राहिला.

आता बोलावणे आले तरच दुकानी जातो. चढ असेल तेथवर मागून रेटा द्यावा, मग परतीची वाट धरावी.