वाड्यातील वस्तूंची वही

पुण्याच्या रविवार पेठेत मोती चौकाकडून बोहरी आळीकडे जाऊ लागले, की दोरखंड, कुलपे, चाळण्या, बादल्या अशा नाना वस्तूंची दुकाने एकमेकांना खेटून उभी असलेली दिसतात. हातगाड्या आणि टेम्पो यांच्यातून वाट काढणाऱ्या माणसाला या दुकानांच्या मागे घरेही आहेत, याची सहसा जाणीव होत नाही. परंतु दोन दुकानांच्या मधून एखादा अरुंद बोळ आत वळतो, त्याच्या टोकाशी जाड फळ्यांचा दरवाजा असतो आणि दरवाज्याआड दगडी फरशीचा चौक. वर सज्जा, सज्जाच्या वर माळा. पेठेतील व्यापाऱ्यांचे संसार पिढ्यान्‌पिढ्या अशा चौकांभोवती नांदले.

असाच एक वाडा दिवाळीनंतर विकसकाच्या ताब्यात द्यायचा होता. घराणे मूळचे गुजरातचे, व्यापार धान्याचा. भुसार बाजार पेठांमधून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तेव्हा पेढीही तिकडे गेली. पुढे थोरले दोघे भाऊ बिबवेवाडीला सदनिकांत राहू लागले. धाकटा तेवढा बांसोबत वाड्यात राहिला. बहीण नाशिकला दिलेली. बा गेल्या आणि वरसीचा विधी आटोपल्यावर चौघे भावंडे प्रथमच एकत्र माळ्यावर चढली.

माळ्यावर काय नव्हते! तांब्याचा बंब, पितळी हंडे, घंगाळी, सतेली, पराती, कथलाची कल्हई उडालेली पातेली. पायली, अधोली, मापटी, चिपटी आणि शेरांची लोखंडी वजने. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली, तेव्हा ही वर गेली आणि पुन्हा खाली उतरली नाहीत. अडकित्ते, दिवे, शेवयांचा साचा, शिसवी पेटी, मुनीमजींचे उतरते मेज. वडिलांचे टपाल तिकिटांचे अल्बम. एका थैलीत राजाछाप रुपये. शेवटी, लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांची चळत, एका भिंतीची उंची गाठलेली.

पहिला विचार सर्वांना सुचतो तोच येथेही सुचला. तांबे-पितळ वजनावर मोडीत घालावे, लाकूड जुन्या बाजारात द्यावे, चांदीचे समान भाग करावेत आणि कागद रद्दीला. धाकट्या सुनेचे म्हणणे असे, की दोन खोल्यांच्या घरात हंडा ठेवायचा कोठे? ते खोटे नव्हते. थोरल्या भावाचे म्हणणे असे, की बांनी जपलेली एकही वस्तू बाहेर जाता कामा नये; परंतु ती आपल्या घरी नेण्यास तेही तयार नव्हते. राजाछाप रुपयांवरून शब्दाला शब्द लागला. धनत्रयोदशीच्या पूजेचे म्हणून ते पेढीवरच राहावेत, असे थोरल्यांना वाटे. बहिणीला त्यात भाग हवा होता. हिंदू वारसा कायद्यातील सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला असून तो कायदा जैनांनाही लागू आहे, याची आठवण तिने शांतपणे करून दिली. त्या दिवशी माळ्याला पुन्हा कुलूप लागले.

पर्युषणाच्या आधी सोलापूरहून फई आल्या. वडिलांच्या या धाकट्या बहिणीने वयाची पंच्याहत्तरी ओलांडली आहे. गुडघ्यांमुळे माळा चढणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून वस्तूच खाली चौकात उतरवल्या गेल्या. एकेक भांडे पुढे येई आणि फई सांगत. हा हंडा आजीच्या माहेरचा, पाटणहून आलेला. ही सतेली पारण्याच्या दिवशीच बाहेर निघे. हे घंगाळ वरच्या मजल्यावरील भाडेकरूंनी जाताना दिले. या पायलीने दुष्काळात दारी आलेल्यांना ज्वारी मोजून दिली, पैसे मागितले नाहीत. थोरल्या भावाच्या नातीने पेढीवरील एक कोरी वही आणली आणि व्यापाऱ्याच्या घरी शोभेल अशा रीतीने रकाने आखले: क्रमांक, वस्तू, वजन, कोणी आणली, कशासाठी वापरली, सध्याची स्थिती, कोणास हवी. आठ दिवसांत तीनशेहून अधिक नोंदी झाल्या. शेवटच्या रकान्यात एकापेक्षा अधिक नावे अवघ्या अकरा ठिकाणी आली. भांडण ज्याचे वाटत होते, ते एवढेच होते.

वही हाती आल्यावर कुटुंबातील माणसे शहरात फिरू लागली. प्रथम गेली ती कसबा पेठेतील तांबट आळीत. पेशवाईच्या काळापासून येथे तांब्यावर हातोडा पडत आला आहे. पत्र्यावर ठोके देऊन केलेल्या मठारकामाने भांड्याला झळाळी येते, तशीच बळकटीही येते. तांबटाने बंब उलटा करून पाहिला आणि सांगितले, की गळती एका सांध्याला आहे, डाग देता येईल. कल्हईचे काम आता थोड्याच हातांत उरले आहे; परंतु तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा हात फिरवला, की तेच पातेले आंबट पदार्थालाही पुन्हा चालते. मोडीचा भाव धातूचा असतो. कारागिराच्या मजुरीचे त्यात काहीही मिळत नाही. हे समजल्यावर मोडीत घालायच्या ढिगातून निम्मी भांडी परत उचलली गेली.

मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी गेलेल्यांना दुसरी बाजू दिसली. जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर किल्ल्या, घड्याळे, कॅमेरे, देव्हाऱ्याचे खांब, कोणा अपरिचितांच्या लग्नाची छायाचित्रे. विकणाऱ्याला विचारले, हे कोठले? तो हसून म्हणाला, “कुठल्या तरी वाड्यातलं.” त्यापलीकडे त्या वस्तूंविषयी सांगण्यासारखे कोणापाशी काही राहिले नव्हते.

त्याच वस्तू वेगळ्या रीतीने पाहायच्या, तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या संग्रहाला त्याचे नाव दिले. त्यांनी जमवले काय? अडकित्ते, वज्र्या, दौती, कुलपे, दिवे, शेवयांचे साचे, दरवाजे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषदेखील. संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा, आणि पुढे तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्याला घरोघरी अडगळ म्हणत, त्यातील प्रत्येक वस्तूजवळ ती काय आहे आणि कोठली आहे हे सांगणारी नोंद आली, एवढ्यानेच तिची जागा बदलली. मात्र येथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दालनांत मांडलेल्या वस्तू संग्रहाचा लहानसाच भाग आहेत. संग्रहालय आणलेली प्रत्येक वस्तू स्वीकारत नाही, आणि दानपत्र झाल्यावर दिलेली वस्तू परत मागता येत नाही. पाटणच्या हंड्यासारखे हंडे तेथे आधीच असतील; ज्या वस्तूचा पूर्वेतिहास सांगता येतो, तिचाच विचार होण्याचा संभव अधिक.

कागदांची वाट निराळी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतील दप्तरे शोधत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो अशाच खाजगी दप्तरांच्या आधारावर. १९१० साली त्यांनी पुण्यात स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही सदाशिव पेठेत उभे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत (१९१७) शासकीय संग्रहातील हस्तलिखिते आली. त्यांत जैन पोथ्यांची संख्या एवढी मोठी, की त्यांच्या वर्णनात्मक सूचीचे स्वतंत्र भाग हीरालाल रसिकदास कापडिया यांनी सिद्ध केले. घरात पोथी सापडली, तर रद्दीचा विचार आपल्याकडे कोणी करणार नाही. ज्ञानाची आशातना टाळण्याचा संस्कार लहानपणापासूनचा. परंतु हिशेबाचा चोपडा हेही अक्षरच आहे, याचा विसर पडतो.

या वाड्यातील चोपडे काही गुजरातीत, जुने काही मोडीत. रद्दीला देण्यापूर्वी निदान चाळावेत, असे ठरले. विक्रम संवत २०२९ च्या चोपड्यात, म्हणजे १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षात, एक नोंद निघाली. फईंच्या नावे जमा: सोन्याच्या बांगड्या, चार तोळे. त्या बांगड्या मोडून आलेली रक्कम पेढीत घातली गेली होती. पुढील चोपडे एकामागून एक उघडले. दरवर्षी दिवाळीला ते खाते नव्या वहीत ओढलेले होते. काही वर्षांनी ओढणे थांबले. नावे लिहिल्याची, म्हणजे परतफेडीची, नोंद कोठेच नव्हती.

फईंना विचारले, तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊ अडचणीत होता. नंतर त्याला आठवण करून देणे मला बरे वाटले नाही.” पन्नास वर्षांत त्यांनी हा विषय काढला नव्हता. त्यांच्या दोन मुलींची लग्नेही मधल्या काळात झाली.

त्या रात्री तीनही भाऊ आणि बहीण चौकात बसली. त्या वेळच्या भावाने रक्कम द्यावी, की आजच्या? थोरले म्हणाले, जे घेतले ते वजनाने परत करावे. बांच्या सोन्यातून चार तोळे, म्हणजे सुमारे ४६.६ ग्रॅम, आधी बाजूला काढले गेले. वाटणी उरलेल्याची झाली. फईंनी नको-नको केले नाही. व्यापाऱ्याच्या घरी वाढलेल्या त्या. हिशेब पुरा होतो आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि चोपड्यावर सही केली. यानंतर राजाछाप रुपयांसाठी वाद घालण्यास कोणी उत्सुक राहिले नाही. धनत्रयोदशीला पाचही घरी पूजा व्हावी म्हणून ते पाच थैल्यांत गेले.

बाकीचे निर्णय मग सोपे झाले असे नाही, परंतु ते एकेक करून घेता आले. घरदेरासरातील पंचधातूची प्रतिमा प्रतिष्ठित. नित्यपूजा होऊ शकणार नसेल तर तिचे काय करावे, हे ठरवणारे आपण नव्हे, म्हणून महाराजसाहेबांचे मार्गदर्शन घेऊन ती संघाच्या देरासरात दिली. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या धातुमूर्तींची नोंदणी आवश्यक असते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, हेही तेव्हा समजून घेतले गेले. परदेशी असलेला पुतण्या आठवण म्हणून जुनीच काही वस्तू मागत होता; त्याला शेराचे एक लोखंडी वजन मिळाले, तेही त्याच्या वयाची चौकशी करूनच. मोठी सतेली आणि पराती कल्हई करून एका भोजनशाळेला दिल्या, त्या वापरल्या जातील अशा बोलीवर. तिकिटांच्या अल्बमने निराशा केली. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक तिकिटे विपुल छापलेली, त्यांना भाव थोडा. १९४८ मधील गांधीजींच्या चार तिकिटांचा संच असता तर गोष्ट वेगळी. अल्बम एका शाळकरी मुलाकडे गेले, ज्याला भावाशी कर्तव्य नव्हते. रुपये मात्र कोणी घासून चकचकीत करू नयेत, असे जाणकाराने बजावले. जुने नाणे घासले की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते. चांदीचे मोल वजनाप्रमाणे राहतेच: १९३९ पर्यंतच्या रुपयात एका तोळ्यास सुमारे ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून निम्मी.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात नऊ प्रकारचा परिग्रह मोजला जातो. क्षेत्र, वास्तू, सोने, धान्य यांच्यासोबत शेवटी ‘कुप्य’ येते, म्हणजे घरातील भांडीकुंडी व सामानसुमान. मर्यादा घालायची तर आधी मोजावे लागते. आणि उमास्वातींनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर आसक्तीत सांगितले आहे. माळ्यावर कुलपात ठेवलेला हंडा, ज्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही, तोही परिग्रहच होता. तो भोजनशाळेत गेल्यावर दोनशे माणसांच्या वरणासाठी चुलीवर चढला.

मोडीत काही गेलेच. फुटलेली घंगाळी, गंजलेली वजने, तडे गेलेले लाकूड. त्यांच्या नोंदींपुढेही तारीख आणि मिळालेली रक्कम लिहिली आहे. जुने मोडी चोपडे अभ्यासकांना दाखवण्यासाठी वेगळे बांधले आहेत. संवत २०२९ चा चोपडा मात्र बाहेर गेला नाही. तो थोरल्यांच्या कपाटात आहे.

कार्तिक शुद्ध पंचमीला पेढी नव्या वर्षासाठी उघडली. लाभपंचमी तीच आणि ज्ञानपंचमीही तीच. नव्या चोपड्याच्या शेजारी वस्तूंची वही ठेवून दोहोंची पूजा झाली. तिच्या प्रती पाचही घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी बोळाच्या टोकाचा दरवाजा लावून किल्ली विकसकाच्या हाती देण्यात आली. बाहेर बोहरी आळीत नेहमीप्रमाणे माल उतरत होता.