परीक्षा गोठ्यातल्या डासावर व्हावी

मच्छरदाणीवरचं औषध डासाला मारतं का, हे तपासण्याची ठरलेली रीत आहे. जाळीवर प्लास्टिकचा शंकू बसवून त्यात पाच माद्या तीन मिनिटं सोडतात. तासाभरात ९५ टक्के माद्या उताण्या पडल्या किंवा चोवीस तासांत ८० टक्के मेल्या, तर मच्छरदाणी उत्तीर्ण. जागतिक आरोग्य संघटनेची ही चाचणी चोख आहे. वीस धुण्यांनंतरही औषध टिकतं का, हे तिच्यातूनच कळतं. तरी लोणार तालुक्यातल्या बीबी गावात राहून हिवतापाचा विचार करताना मला तिची एक उणीव सतत जाणवत आली आहे. त्या शंकूत बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेला, औषधाला चटकन बळी पडणारा डास असतो. आपल्या गोठ्यातला नसतो.

खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस. तो दिवसा गोठ्यात दडतो आणि रात्री गुरांना आणि माणसांनाही चावतो. देशात ठिकठिकाणी तो आधी डीडीटीला, मग मॅलेथिऑनला आणि आता काही भागांत पायरेथ्रॉइडलाही दाद देईनासा झाला आहे. मच्छरदाणीवर असतं ते पायरेथ्रॉइडच, आणि कपाशीवर आपण फवारतो ते सायपरमेथ्रिनही त्याच गटातलं. फवाऱ्याचं औषध पावसाबरोबर डबक्यात उतरलं की तिथल्या अळ्यांची त्याच्याशी ओळख होते. ज्या तगतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. म्हणून लोणार तालुक्यातली मच्छरदाणी लोणार तालुक्यातल्या डासावर तपासावी, आणि तीही नवी कोरी नव्हे, तर दोन-तीन पावसाळे वापरलेली, असं माझं ठाम मत आहे.

डास औषधाला जुमानत नसेल तर मच्छरदाणी हवीच कशाला, असं कोणी विचारेल. पण आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये औषधी मच्छरदाण्यांनी बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटवले. औषध दुबळं झालं तरी धड जाळी डासाला अडवतेच. शिवाय डासाची प्रतिकारशक्ती मोडणारं पिपेरोनिल ब्युटॉक्साइड असलेल्या मच्छरदाण्याही आता मिळतात. त्या कुठे द्यायच्या, हे स्थानिक तपासणीशिवाय ठरणार कसं? दुसरा आक्षेप असा, की हिवतापाचं खरं ओझं गडचिरोलीवर आहे, तपासणी तिकडेच करावी. गडचिरोलीला पहिला मान द्यावाच. पण देशाला २०३० पर्यंत हिवताप संपवायचा आहे, आणि रुग्ण कमी झाले म्हणून डास गेलेला नाही. बाहेरगावाहून एक तापाचा माणूस आला, तरी साखळी पुन्हा सुरू होऊ शकते. जागलीला शेतात झोपणाऱ्या माणसाला घरातली मच्छरदाणी उपयोगाची नाही, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. त्याच्यासाठी वेगळी मच्छरदाणी द्यायला हवी.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे: दर वर्षी गावातल्या काही जुन्या मच्छरदाण्या तपासणीला न्या, त्या घरांना बदल्यात नव्या द्या आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा. तोवर आपण आपली मच्छरदाणी साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवावी. ते पाणी शेततळ्यात सोडू नये. माशांना ते विषारी असतं.