विमानाच्या गाण्याचा शेवटचा स्वर

गेल्या वर्षी कर्णतपासणीचा जो आलेख माझ्या हाती पडला, त्यात ४००० हर्ट्झच्या पलीकडे रेषा एकाएकी खाली घसरलेली होती, आणि तेव्हापासून ध्वनिमुद्रणानंतरचे अखेरचे मिक्सिंग मी माझ्या शिष्येच्या स्वाधीन केले आहे. झांजेची चमक, व्हायोलिनच्या गजाचे बारीक घर्षण, गायिकेच्या सकाराची धार, ही सारी आता मला अनुमानाने जाणावी लागतात. वयपरत्वे हे व्हायचेच. परंतु ज्याने उभी हयात जाहिरातींना चाली देण्यात घालविली आणि त्यांतही विमान कंपन्यांच्या जाहिरातींचा विशेष ध्यास घेतला, त्याला ही हानी एका नेमक्या जागी बोचते. ती जागा म्हणजे गाण्याचा शेवटचा स्वर.

साबणाचे, चहाचे किंवा मलमाचे गाणे षड्जावर येऊन थांबले तर कोणाची तक्रार नसते, कारण गिऱ्हाइकाने दुकानापर्यंत पोचावे एवढाच त्या गाण्याचा हेतू, आणि षड्ज म्हणजे पोचणेच. विमानाच्या गाण्याला मात्र षड्ज मानवत नाही. गळा षड्जावर स्थिरावला की चाके धावपट्टीला लागली असे कानाला वाटते, आणि पडद्यावर तर विमान अद्याप ढगांच्या वर असते. बरे, निषादावर सोडून द्यावे तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. अधांतरी लटकत ठेवलेला माणूस तिकीट काढावयास जात नाही. पंचम निर्धोक खरा, पण त्या निर्धोकपणातच त्याचा निर्जीवपणा आहे. उरतो गंधार, खाली षड्जाचा हलका आधार देऊन वर ठेवलेला. बहुतेक सारे संगीतकार शेवटी तेथेच आश्रय घेतात, आणि मीही अनेकदा घेतला आहे. पण तो आश्रय आहे, उत्तर नव्हे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत चित्राच्या ७५० चौकटी असतात. त्यांतल्या शेवटच्या ७५ चौकटींत विमानाच्या शेपटीवरचे बोधचिन्ह येते, निवेदकाचा भारदस्त आवाज येतो, आणि त्या दोहोंच्या खालून माझा स्वर उडत राहिला पाहिजे, उतरता कामा नये आणि भरकटताही कामा नये. या तीन सेकंदांनी माझी जितकी झोप घालविली तितकी दुसऱ्या कशानेही घालविली नाही.

आमच्याकडे या गाण्याची परंपरा अशी नव्हतीच. १९५३ च्या कायद्याने विमानवाहतूक सरकारच्या ताब्यात गेली होती, आणि एअर इंडियाची सारी कीर्ती १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडविलेल्या महाराजावर उभी होती. तो महाराजा फलकांवरून वाकून मुजरा करी, पण गात नसे. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आल्या, तरी खासगी विमान कंपन्या १९९० नंतरच उभ्या राहिल्या आणि तेव्हा कोठे आमच्या दारी फर्माईश आली. तोवर परदेशातून आलेल्या चित्रफिती पुनःपुन्हा लावून ऐकणे हेच माझे शिक्षण होते.

त्या शिक्षणातला पहिला धडा ब्रिटिश एअरवेजचा. ह्यू हडसन यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८९ च्या जाहिरातीत शेकडो माणसे एकत्र येऊन वरून पाहता एक विशाल मानवी चेहरा साकार करतात, आणि त्यावर माल्कम मॅक्लारेन आणि यानी यांनी नव्याने बांधलेले जे संगीत वाजते, त्याचे मूळ लिओ दलिब यांच्या ‘लाक्मे’ या ऑपेरातले युगुलगीत आहे. हा ऑपेरा १८८३ साली पॅरिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आला. त्याची कथा मात्र इंग्रजी अमलाखालच्या हिंदुस्थानातली. नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची कन्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर प्रेम करते आणि अखेरीस धोतरा खाऊन मरते. ती आणि तिची दासी मल्लिका नदीकाठी फुले वेचावयास निघतात, त्या वेळचे हे गीत. दोन स्त्रीकंठ बहुतेक सर्व वेळ एकमेकींपासून गंधाराच्या अंतरावर समांतर चालतात, आणि म्हणून कोणताच कंठ जमिनीवर उभा आहे असे वाटत नाही. प्रत्येकीला दुसरीचाच आधार. एकच गायिका घेऊन ही तरंगती अवस्था साधता येते का, हे मी पुष्कळ करून पाहिले. साधत नाही.

युनायटेड एअरलाइन्सने जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’मधली विस्तीर्ण, संथ धून घेतली. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये प्रथम वाजलेली ही रचना गर्श्विन यांना बोस्टनला जाणाऱ्या आगगाडीत, रुळांच्या तालात सुचली होती. तीत गती अगोदरच मुरलेली आहे. पण मला तिचे खरे मोल दुसरेच वाटते. धून एका दीर्घ स्वरावर थांबते, आणि ती थांबली असता आतल्या पट्टीतून दुसरी एक ओळ अर्ध्या अर्ध्या स्वरांनी सरकत राहते. वरचा स्वर अचल, आतला प्रवाह चालू. तीस हजार फुटांवर खिडकीशी बसलेल्या माणसाचा अनुभव याहून अचूक कोणी लिहिला असेल असे मला वाटत नाही, आणि हे लिहिताना मनात मत्सर आहे हे लपविण्याचे मला कारण नाही.

क्वांटासचे गाणे पीटर ॲलन यांचे. ते परदेशी फिरूनही ऑस्ट्रेलियालाच घर म्हणणाऱ्या माणसाचे गाणे असल्यामुळे त्याला जमिनीवर उतरण्याचा परवानाच आहे. मुलांच्या वृंदाने ते गायिले की प्रश्नच मिटतो. कार्ल जेन्किन्स यांनी १९९० च्या दशकात डेल्टा एअरलाइन्सच्या जाहिरातीसाठी रचलेले ‘अडिएमस’ मात्र मला आप्तासारखे वाटते, कारण त्यातली अक्षरे कोणत्याही भाषेतली नाहीत, केवळ नादासाठी घडविलेली आहेत. तराण्यावर वाढलेल्या कानाला यात नवल नाही. शब्द संपला की वाक्य संपते, आणि शब्दच नसला तर शेवटाची सक्ती अर्धी तरी सैल होते.

आजची तऱ्हा निराळी आहे. वनराज भाटिया यांच्यासारखा लंडन-पॅरिसला शिकलेला संगीतकार जेथे हजारो जिंगल्स रचण्यात कमीपणा मानीत नसे, तेथे आता तयार संगीताच्या भांडारातून तुकडा निवडून तो चित्राबरहुकूम कातरला जातो. कातरलेल्या तुकड्याला शेवट नसतो, त्याला फक्त कड असते. काही समव्यावसायिक जुन्या चित्रपटगीताचे हक्क विकत घेऊन त्यावर विमान उडवितात; लोकांना ते आवडते, मला ती उसनवारी वाटते. माझी महत्त्वाकांक्षा फार जुनी आणि उघड आहे : अनोळखी माणसाने, कोणाची चाल आहे हे न जाणता, सामानाच्या पट्ट्याशी उभे राहून माझी चाल गुणगुणावी, आणि मी ती शेजारी उभा राहून ऐकावी. असे घडले आहे. घडले तेव्हा मी माझी पेटी पट्ट्यावरून दोनदा पुढे जाऊ दिली.

हल्लीच एका चालीच्या अखेरीस गायिकेने गंधार धरला होता, आणि स्वर विरल्यावर तिचा जो श्वास सुटला तो शिष्येने तसाच ठेवला. “सर, हा श्वास कापू नका,” ती म्हणाली, “गाणं तिथे संपतच नाही.” मला तिथे काहीच ऐकू आले नाही. पडद्यावर मात्र स्वराच्या जाड लहरीपुढे एक पातळ, दाणेदार पट्टी दिसत होती. श्वासाचा खसखसाट जेथे राहतो तो प्रांत माझ्या कानांनी कधीच सोडला आहे. स्टुडिओतल्या सगळ्यांनी मान डोलावली. इतकी वर्षे मी सात स्वरांत जे शोधत होतो ते तिला स्वरांच्या बाहेर सापडले असेल, तर ते बरोबर आहे असे मी मानतो. तिच्या कानावर माझा विश्वास आहे आणि तो विश्वास मीच घडविला आहे.

परंतु मानणे वेगळे आणि समाधान पावणे वेगळे. कोणीही न मागितलेली, कोणत्याही कंपनीची नसलेली एक तीस सेकंदांची चाल मी सध्या बांधतो आहे, आणि शिष्येला ताकीद दिली आहे की या वेळी श्वास घ्यावयाचा नाही. मला ऐकू येईल असा शेवट हवा. तूर्त तो शुद्ध धैवतावर ठेवला आहे, खाली मंद्र मध्यम देऊन. सत्ताविसाव्या सेकंदापर्यंत ते जमते. त्यानंतर निवेदक येतो.