फिटनेस सर्टिफिकेटवरचा तो रकाना

रोडपालीतल्या माझ्या दवाखान्यात नोकरीसाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला अधूनमधून कोणी ना कोणी येतं, बहुतेक तळोजा एमआयडीसीतल्या कामासाठी. गेल्या महिन्यात अशीच एक जण आली. काम अकाउंट्सचं, मुलाखत झालेली, फक्त मेडिकल बाकी. कंपनीच्या फॉर्मवर रक्तदाब, नजर, रक्तगट आणि शेवटी दोन रकाने : शेवटच्या पाळीची तारीख, युरीन प्रेग्नन्सी टेस्ट. तिला तिसरा महिना होता.

"मॅडम, हे लिहावंच लागेल का?"

खरं सांगते, असे रकाने मी कित्येक वर्षं मुकाट्याने भरले आहेत. या वेळी भरले नाहीत. गरोदर आहात का, हे एक्स-रेच्या आधी विचारावंच लागतं. पण ते उत्तर केसपेपरवर राहतं, पेशंटच्या संमतीशिवाय कंपनीकडे जात नाही. रसायनांत किंवा जड वजनाचं काम असतं तर मी तिच्याशी वेगळं बोलले असते. हिशेब लिहायला ती पूर्ण फिट होती, तेवढंच लिहिलं.

एलआयसीच्या अशाच फॉर्मवर पाळीची माहिती चुकीची दिली म्हणून नीरा माथुर यांना प्रोबेशनवर असताना काढलं होतं. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि असले रकानेच काढून टाकायला सांगितलं. तरी 2022 च्या जानेवारीत स्टेट बँकेला, तीन महिन्यांपुढच्या गरोदर उमेदवारांना 'तात्पुरत्या अनफिट' ठरवणारा नियम ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला.

कंपन्यांचं गणित साधं आहे. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलं की पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा, तीही कंपनीच्या खर्चाने. तिसऱ्या महिन्यात रुजू झालेली बाई ते दिवस सहज भरते. (ईएसआय असेल तिथे पैसे महामंडळ देतं, तरी टाळाटाळ असतेच.)

कामावर लागलेल्या बाईला प्रसूती रजेत काढता येत नाही; गरोदरपणात काढलं तरी, गंभीर गैरवर्तन सोडल्यास, रजेचे पैसे बुडवता येत नाहीत. भरतीत बाई म्हणून डावलणंही बेकायदेशीर आहे, पण ते सिद्ध करणं अवघड. म्हणून फॉर्म, ईमेल, व्हॉट्सॲप जपून ठेवा. तक्रार कामगार कार्यालयात करता येते. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तिने निघताना फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. कंपनीकडून अजून "कळवतो" एवढंच आलंय.