द्वेषाचे फलक आणि मायेचे शब्द

वाइटांतून कधीं कधीं चांगलें निपजतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या चांगल्याचें श्रेय वाइटास द्यावें कीं काय, हा प्रश्न निराळा. धर्माच्या नांवानें समलिंगी मनुष्यांचा जे उघड द्वेष करितात, तेच नकळत त्यांच्या हक्कांस साहाय्य करितात, असें कित्येक म्हणतात. तें कितपत खरें, हें आम्ही येथें पाहणार आहों.

अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांतील टोपेका येथें वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नांवाचें एक लहानसें धर्ममंडळ आहे. त्याचा संस्थापक फ्रेड फेल्प्स २०१४ सालीं वारला. अनुयायी बहुतेक त्याच्याच गोतावळ्यांतील. १९९८ च्या आक्टोबरांत वायोमिंगमध्यें मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याची निर्घृण हत्या झाली. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं, ईश्वर अशांचा द्वेष करितो, अशा आशयाचे फलक घेऊन ही मंडळी उभी राहिली. पुढील वर्षीं खटल्याच्या वेळींही ती आली. तेव्हां शेपर्डच्या स्नेह्यांनीं देवदूतांसारखे भले मोठे शुभ्र पंख लावून, मुकाट्यानें पुढें उभें राहून, ते फलक झांकिले. शोकाकुल मातापित्यांची ती विटंबना पाहून अनेक धर्मनिष्ठ ख्रिस्ती जनही खजील झाले. द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धच्या २००९ च्या कायद्यास शेपर्डचेंही नांव आहे.

आतां दुसरें उदाहरण. १९७७ सालीं फ्लोरिडांतील डेड परगण्यांत समलिंगी जनांस नोकरींत व घर मिळण्यांत संरक्षण देणारा नियम झाला होता. अनिता ब्रायंट या लोकप्रिय गायिकेनें, मुलांना वाचवा, अशी हांक देऊन तो रद्द करविला. तिच्या बाजूस दुपटीहून अधिक मतें पडलीं. येथें प्रेतयात्रेपुढें फलक नव्हते. लेंकरांची काळजी होती. त्या पराभवानें समलिंगी जन देशभर जागे झाले खरे. पण डेडमध्यें तसा नियम पुन्हां येण्यास १९९८ साल उजाडलें.

तर्कशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, उघड द्वेष हें फार तर निमित्तकारण; उपादानकारण पाहणाराच्या अंतःकरणांतील करुणा. मातीच नसेल तर घट कशाचा होणार? शिवाय फलकवाल्यांकडे बोट दाखवून, आपण तसे नव्हे, असें समाधान मानणें फार सोपें असतें.

आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, प्रौढांचा परस्परसंमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. आपल्या घरांत कोणी फलक नाचवीत नाहीं. एकदां लग्न झालें कीं सारें सुरळीत होईल, एवढेंच आपण मायेनें म्हणतों. या शब्दांची कोणास लाज वाटत नाहीं, म्हणूनच ते टिकून राहतात. त्यांपायीं आपल्याच नातवानें वा नातीनें जन्मभर मौन धरिलें, तर तो दोष टोपेकाच्या मंडळींचा नव्हे.